टोपी घालायचा कार्यक्रम

आमच्या वस्तीत नळाच्या कामाचा नारळ दोनदा फुटला होता. नळ एकदाही आला नव्हता. कळंब्याचा तलाव सायकलनं दहा मिनिटांवर, आणि आम्ही टँकरची वाट बघत बसायचो. टँकर यायचा साडेदहाला, शाळा भरायची अकराला. आई सूतगिरणीत पहिल्या पाळीला जायची, म्हणून घागरी माझ्या वाट्याला. मी दहावीत होते आणि पहिलाच तास गणिताचा. पोरगी गणितात गचकणार, हा एकच घोर आईला लागला होता.

ऑक्टोबरात नगरसेवक त्याच जागेवर तिसरा नारळ फोडायला येणार, असा निरोप आला. सत्काराला फेटा आणा, असंही वर सांगितलं होतं.

आई बायकांना म्हणाली, "फेटा कशाला? टोपी घालूया की. त्यानं आपल्याला दोनदा घातलीया."

फसवलं म्हणजे टोपी घातली, हे वस्तीत कुणाला समजावून सांगायला लागलं नाही. आईनं लाल लोकर आणली आणि आठ दिवस विणत बसली. कान झाकणारी, वर गोंडा असलेली टोपी. मला खरं तर लाज वाटत होती.

कार्यक्रमात तिनं ती साहेबांच्या डोक्यावर चढवली. "घ्या साहेब, आमच्याकडनं टोपी." दोघीचौघी पदराआड हसल्या. साहेबांनी मात्र हात जोडले आणि माइकवर सांगितलं, माऊल्यांनी स्वतःच्या हातानं विणलीय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रणरणत्या उन्हात घामानं निथळत होता, पण पठ्ठ्यानं टोपी काढली नाही. त्याला कळलंच नव्हतं, की कळून गिळलं, हे मला अजून सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, खाली 'महिलांची मायेची भेट'.

आई फोटोकडं बघून म्हणाली, "मेल्यानं तिसऱ्यांदा घातली."

रविवारी ती मला घेऊन त्याच्या घरी गेली आणि टोपी परत मागितली.

"अवो ताई, दिलेली भेट कोण मागतं व्हय?"

"भेट न्हवती ती. टोपी तुमी घातलीसा आमास्नी. हिचा गणिताचा तास रोज बुडतोय, नळ कवा देतासा तेवढं सांगा."

तो हसला. आतून टोपी आणवली आणि माझ्या हातात दिली. "गणिताचं काय घेऊन बसलाय? आईकडनं विणकाम शिकून घे की बाळ. हात चांगला हाय तिचा."

आईनं टोपी माझ्याकडून घेतली, त्याच्या पायरीवर बसली आणि गोंड्यापासून सगळी उसवली. तो आत निघून गेला. लोकर तिनं तिथंच टाकली. त्यानंतर तिनं सुया हातात घेतल्याचं मला आठवत नाही.

मार्चमध्ये मी गणितात सहा मार्कांनी गेले. पुढच्या वर्षी लग्न लावून दिलं. नळ आला तेव्हा मी कागलला दोन पोरांची आई होते. आईनं फोन केला, मोबाइल नळाजवळ धरून आवाज ऐकवला आणि म्हणाली, "धार चांगली हाय."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. मला राग आला होता. तिच्यावर नव्हे, पण फोनवर तीच होती.