आईचा नंबर

दवाखान्याच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करणाऱ्या बाईने घरात एक कायदा केला होता. संध्याकाळी जेवायला बसलं की थोरलीने आणि धाकटीने, आज आपल्यासाठी कोणी काय केलं ते सांगायचं आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाला समोर जाऊन तसं बोलून दाखवायचं. नुसतं ‘थँक्यू’ चालायचं नाही, कशाबद्दल तेही हवं. घरच्यांची नावं मात्र बाद, उगाच लोणी लावणं नको.

मुली तरबेज झाल्या. बसचे ड्रायव्हरकाका झाले, वर्ग झाडणाऱ्या मावशी झाल्या. भुंकला नाही म्हणून धाकटीने एकदा शेजाऱ्यांच्या कुत्र्याचेही आभार मानून टाकले.

त्या दिवशी बाईचं डोकं ठिकाणावर नव्हतं. मनगट भाजलं होतं, भाजी करपली होती, आणि थोरली म्हणाली, "मधल्या सुट्टीत शाळेतल्या खिचडीवाल्या काकूंनी मला न मागता जास्त वाढलं." बाईला ते लागलं. रोज वाढणारी ही, आणि कौतुक त्या काकूंचं. पण कायदा हिचाच. आपलेच दात, आपलेच ओठ.

"आई, तू कोणाचं सांगणार?" धाकटीने विचारलं. "तू कधीच सांगत नाहीस."

"मी विचारते ना."

"विचारणं म्हणजे सांगणं नव्हे," थोरली म्हणाली.

आठवायला वेळ लागला नाही, सांगायला लागला. सकाळी मनगटावर वाफ आली तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या बाईने हिचा हात ओढून नळाखाली धरला होता. आणि ही? चादर जळेल म्हणून तिच्यावरच खेकसली. दोघींचा तीन वर्षांचा अबोला. सुट्टीवरून भांडण झालं होतं, चूक कोणाची ते आता देवालाही आठवत नसेल.

"मग उद्या त्यांना सांग," थोरली म्हणाली. "आम्ही संध्याकाळी विचारू."

आता माघार घेतली असती, तर मुलींनी तो कायदा पुन्हा कधी मानला नसता.

दुसऱ्या दिवशी बाई तीनदा त्या टेबलापर्यंत गेली आणि तीनदा परतली. चौथ्यांदा खाली बघतच म्हणाली, "काल हात पाण्याखाली धरलास, म्हणून फोड आला नाही. मी ओरडायला नको होतं."

समोरची हातातली घडी पुरी करून म्हणाली, "अगं, मी तर काल घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं, आज ती माझ्याशी बोलली."