हरण्याच्या खड्ड्यातली माती

"कुठली माती आन्ली रे भागवता? जिभेला खारी लागून राह्यली."

"बांधावरची हाय, काकू. हरण्याच्या खड्ड्यातली."

द्वारकाबाईनं बाजूला थुंकलं. "आधी सांगत जाय ना बाप्पा. तोंडात घातली मी."

"तुमी इचारायच्या आधीच चाखली. मंग कवा सांगू?"

आष्टीत द्वारकाबाई पोळ्यासाठी मातीचे बैल करते. साचा वापरत न्हाई. गावातली जनावरं तिच्या दारावरूनच पाण्याला जातात. कोणाचं शिंग खाली झुकलंय, कोण पाय ओढतो, हे ती वर्षभर बघते आणि पोळा आला की तेच बैल तिच्या हातातून उतरतात.

भागवतचा बैल हरण्या लम्पीच्या रोगानं गेला. डॉक्टरनं सांगितलं तसा मीठ-चुना टाकून बांधावर पुरला. त्याचा जोडीदार दावणीला एकटाच राहिला. पोळ्याला तो एकटा उभा राहू नये, त्याच्याशेजारी मातीचा का होईना हरण्या असावा, एवढंच भागवतच्या डोक्यात होतं. उद्या खांदेमळणी, बैलांचे खांदे लोणी-हळदीनं मळायचा दिवस. म्हणून तो सकाळीच घमेलं घेऊन आल्ता.

"मिठाची माती हाय. वाळताना फुटंल."

"करून तर बघा."

तिनं माती चाळली, भिजवली, तुडवली, बैल केला. दुपार कलायच्या आत त्याच्या पाठीवर पांढरं मीठ फुलून आलं आणि वशिंडापासून पोटापर्यंत चीर गेली. भागवतनं तोंड फिरवलं. हरण्याचं कातडं असंच फाटलं होतं.

"बस झालं, काकू. मोडा."

तिनं मोडला न्हाई. ओल्या फडक्यात गुंडाळून त्याच्या घमेल्यात ठेवला. "खड्ड्यात घालून ये. अन् पुन्हा तिथं उकरू नको. माह्या मातीचा करते."

"मंग त्याच्यात हरण्याचं काय राह्यलं?"

"त्याची चाल. डाव्या अंगाला मान टाकून जायचा. माह्या ध्यानात हाय."

भागवत बांधावर जाऊन आला तोवर नवा बैल उभा होता, मान डावीकडं टाकलेला. त्यानं लई वेळ निरखला.

"असा न्हाई चालायचा तो."

"मला सांगतो? रोज बघायची मी."

"तुमच्या दारात बघायच्या. डाव्या अंगाला तुमचं दार व्हतं. तुमी भाकर टाकायच्या, तिच्यासाठी वळायचा लोचट. औताला सरळ, मान खाली."

द्वारकाबाईचे हात थांबले. इतकी वर्षं तिनं बघितलेला हरण्या भाकरीपुरताच होता. तिच्या डोळ्यातला बैल हाच होता, आणि तो नेणार मात्र भागवत होता.

तिनं बोटं पाण्यात बुडवली, माती ओलीच होती, मान धरून हळूच सरळ केली. मंग खाली वाकवली.

"अजून?"

"जराशी. हां, बराबर."

भागवतनं बैलाच्या खांद्याला अंगठा लावला न लावला, काढून घेतला.

"ओला हाय. सावलीत ठेव. अन् लोणी चोपडू नको उद्या, हळदच लाव."

तो घमेल्यात बैल घेऊन गेला. अंबडच्या बाजारात विकायचे मातीचे बैल ओसरीत बिनशिंगाचे पडले होते. द्वारकाबाईनं जवळचा ओढला, आणि चिमटीत माती घेऊन शिंगं वळायला लागली.