रतनताईंचं रिकामं घर

रतनताई आमच्या वरच्या मजल्यावर राहतात, डोंबिवली पूर्वेला. एके काळी बिल्डिंगमधल्या बायका त्यांचं घर बघायला मुद्दाम वर जायच्या. दोन खोल्या आणि किचन, पण मांडणी अशी की नजर ठरू नये. काचेच्या शोकेसमध्ये बाहुल्या आणि चिनी मातीचे कप, मुलीने, म्हणजे सोनलने, शाळेत मिळवलेल्या ढाली, हॉलमध्ये उंच आरसा, किचनच्या फळीवर मोठ्यापासून लहानापर्यंत लावलेले पितळेचे डबे. लग्न होऊन फलटणकडून त्या आधी दिवा गावात आल्या, तेव्हा एका खोलीत सहा माणसं होती आणि ताईंची म्हणून एक पत्र्याची ट्रंक. नवरा मारुतीभाऊ वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात फिटर होते. दर दिवाळीला घरात एक तरी वस्तू यायची, आणि कुठली कधी आली ते ताईंना तोंडपाठ.

रिटायर झाल्यावर चौथ्या वर्षी भाऊ विसरायला लागले. आधी किल्ल्या कुठे ठेवल्या ते, मग वार, मग आपला मजला. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला. "औषध देतो, पण फार आशा ठेवू नका. सांभाळून घ्या," म्हणाले.

एका सकाळी आरडाओरडा ऐकून मी वर धावले. भाऊ आरशासमोर लाटणं उगारून उभे होते.

"बघा, हा म्हातारा घरात घुसलाय! मी निघ म्हणतोय, तर माझ्यावरच ओरडतोय."

ताईंनी आधी आरशावर चादर टाकली. दुपारी वॉचमनला बोलावून तो उतरवला आणि देऊन टाकला. तेव्हापासून कुंकू लावायला त्या माझ्याकडे खाली यायच्या. दोन मिनिटं आरशात बघायच्या आणि लगेच निघायच्या, भाऊ एकटे आहेत म्हणून.

मग शोकेस गेलं, बाहुल्या टक लावून बघतात म्हणून. सोफा आणि टीपॉय गेले, कारण बाथरूमकडे जाताना भाऊ त्यांना अडखळून दोनदा पडले होते. ताटात तीन-चार पदार्थ दिसले की कशाला हात लावावा हे त्यांना कळेना, आणि ते रडायला लागत. ताई मग नुसता आमटीभात वाढू लागल्या. घरातली एकेक गोष्ट कमी झाली तसे भाऊ निवत गेले. हे ताईंना कुणी शिकवलं नव्हतं, त्यांच्याच लक्षात आलं.

ठाण्याहून सोनल आली ती दारातच थांबली.

"आई, काय हे? घर आहे की धर्मशाळा? माझ्या ढाली पण दिल्यास?"

"ढाली खाली ठेवल्यात, ह्या वहिनींकडे. जाताना घेऊन जा," ताई माझ्याकडे हात करून म्हणाल्या. "अगं, बाबा आता भिंतीला न धरता चालतात. बघ तरी."

सोनल बघत राहिली. भाऊ मोकळ्या हॉलमध्ये हात मागे बांधून सावकाश फेऱ्या मारत होते.

त्यानंतर जे झालं ते ताईंनी मला खूप दिवसांनी सांगितलं. भाऊंचं बाकी सगळं गेलं तरी वाचता येत होतं. एकदा जेवताना त्यांनी तांब्या उचलला आणि त्यावर कोरलेली अक्षरं बोटाने वाचली. 'सौ. रतन मारुती भोईटे.'

"बाई, हा तांब्या रतनचा आहे. तुमच्याकडे कसा आला?"

"अहो, मीच रतन."

भाऊंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि हसले, परक्या बाईला वाईट वाटू नये म्हणून हसावं तसं. "नाही हो. रतन अजून पंचविशीचीही नाही. ती शोधत असेल, देऊन या तिला."

पुढचे काही दिवस नाव दिसलं की ते भांडं घेऊन दाराकडे निघायचे. शेवटी ताईंनी नाव घातलेली सगळी भांडी पोत्यात भरून गावी जावेकडे पाठवली. बाजारातून दोन ताटं, दोन वाट्या, दोन पेले आणले. दुकानदाराने विचारलं, "नाव घालून देऊ?"

"नको," ताई म्हणाल्या.

पुढची दोन वर्षं ती दोघं त्या उघड्या घरात राहिली. दुपारी खिडकीपाशी चटई टाकून मेथी निवडत बसायची. भाऊंची बोटं कारखान्यातली, एक काडी पानांत जायची नाही. संध्याकाळ झाली की विचारायचे, "बाई, तुम्ही उद्या येणार ना?"

"येणार."

"मग बरं. तुमची आमटी रतनसारखी होते."

मी एकदा न राहवून विचारलं, "ताई, कसं सहन करता हो?"

"आधी किचनमध्ये जाऊन रडायचे," त्या म्हणाल्या. "आता नाही. चाळीस वर्षं नुसतं पुसत आणि आवरत होते. हे कामावरून आले की मी ओट्याशी. ह्यांच्याशेजारी अशी बसले कधी? आता घरात आवरायला काही नाही. खरं सांगू, बरं चाललंय आमचं."

गेल्या माघात भाऊ न्यूमोनियाने गेले. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या दिवशी त्यांनी नर्सला सांगितलं, "आमच्या बाईंना आत येऊ द्या." ताई आत गेल्या. रतन म्हणून त्यांनी ताईंना काही शेवटपर्यंत ओळखलं नाही.

दिवसकार्य उरकल्यावर सोनलने टेम्पो ठरवला. तिच्याकडचा सोफा, कपाट, नवीन आरसा असं सगळं यायचं होतं.

"आता तरी घर लावूया आई. किती भकास वाटतं इथे."

"वाटतं ना," ताई म्हणाल्या. "पण ते सोफ्याने जाणार आहे का गं? मला आता एवढंच पुरतं. राहू दे."

सोनलने टेम्पोवाल्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं, आणि चटईवर आईच्या शेजारी पाय पसरून बसली.