सांगून मारणारा पिंजारी

दर थंडीत म्हसावदला आमच्या गाद्यांचा कापूस पिंजायला एक म्हातारा पिंजारी यायचा. दाढीत कापूस, बोलणं मोजकं. दुपारी काम थांबलं की तो ओट्यावर बुद्धिबळाचा पट मांडी. समोरच्याच्या वजिरावर चाल करण्याआधी तो सांगे, "तुन्हा वजीर संभाय." आमच्याकडच्या खेळात ती रीतच आहे, पण बाकीचे घाईत पुटपुटत. हा मात्र समोरच्याने मान हलवेपर्यंत मोहऱ्याला हात लावत नसे.

त्याचा खेळ बघत मीही शिकले. दिराला ते खपेना. "वहिनी, आज हारनी तं पट माळ्यावर," मी पिंजाऱ्यासमोर डाव मांडून बसले तेव्हा तो म्हणाला. पिंजारी दया येऊन मुद्दाम हरेल, अशी मला धास्ती होती. तसा मिळालेला डाव माझ्या काय कामाचा? तो हरला नाही. तीनदा त्याने वजीर संभाळायला सांगितलं, चौथ्यांदा सांगूनच मारला आणि शेवटी प्याद्याने मात केली.

दीर पट उचलायला वाकला, तर पिंजारी मोहरे पुन्हा मांडत होता.

"थांब रे भाऊ," मला पुन्हा बसायची खूण करत तो म्हणाला. "हारनी म्हनीसनच आखो बसनं पडी. मी बी आसाच शिकनू."

दीर बाजूला सरकला.

पिंजारी यायचा थांबला त्याला बरीच वर्षं झाली. आता आळीतल्या पाच मुली त्याच ओट्यावर खेळतात. त्यांनी त्याला पाहिलेलं नाही, पण समोरचीची मान हलेपर्यंत एकीचाही हात मोहऱ्याला लागत नाही.