मुठीवरची पट्टी

मामू कुठलीही जुनी वस्तू आधी हुंगत, मग पाहत. हॉकी स्टिक असो, चामड्याचा फुटबॉल असो की कुणाचे झिजलेले बूट, ते डोळे मिटून नाक जवळ नेत आणि बराच वेळ तसेच थांबत. समोरचा माणूस अवघडून जाई. छावणीतल्या त्यांच्या गल्लीत यावरून थट्टा चाले. ‘‘मामू, आज किसको सूंघे?’’ असं कोपऱ्यावरचा चहावाला विचारी. ‘‘तुझं दूध सूंघलं,’’ मामू म्हणत, ‘‘पानी निकला.’’

उर्दू शाळेत त्यांनी भूगोल शिकवला होता. घराच्या मागच्या दोन खोल्यांत त्यांनी जमवलेला खेळ भरला होता. लाकडी चौकटीत आवळलेल्या रॅकेटी, वादीनं तोंड आवळलेले फुटबॉल, कान तुटलेले करंडक, आणि भिंतीला टेकून उभ्या हॉकी. संध्याकाळी तिथं बसलं की वाटे, सामना आत्ताच संपलाय आणि सगळे हातपाय धुवायला गेलेत. परत येतील म्हणून मी कितीदा दाराकडे पाहिलं असेल.

माझी त्यांची ओळख वडील गेल्यानंतरची. वडील तरुणपणी क्रिकेट खेळत. त्यांचा पांढरा स्वेटर मामूंना द्यावा म्हणून मी घेऊन गेलो होतो. मामूंनी तो हुंगला आणि पुन्हा घडी घातली.

‘‘धुतला ना, सर?’’

‘‘हो, आईनं.’’

‘‘आया धुतात.’’ त्यांनी स्वेटर माझ्या मांडीवर ठेवला. ‘‘एक साल घरात राहू द्या. तुमच्या अम्मीचं त्याच्याशी बोलणं संपलं नसंल अजून.’’

हा त्यांचा नियमच होता. नुकतंच कुणी गेलेल्या घरातून ते काही घेत नसत. दुसरा नियम, आलेली वस्तू साफ करायची नाही. पुण्याहून आलेले एक हौशी संग्राहक एकदा बुटांच्या तळाचा वाळका चिखल नखानं खरवडू लागले, तेव्हा मामूंनी बूट हळूच काढून घेतले. ‘‘राहू द्या. बूटवाला शेवटचा कुठं पळला, ते ह्या मातीत आहे.’’ लोक मोबाईलवर वस्तूंचे फोटो पाठवत. मामू ते उघडतसुद्धा नसत. ‘‘फोटोला वास नसतो,’’ एवढंच म्हणत.

स्वेटर तर मी परत आणला, पण त्यांच्याकडे जाणं सुरू राहिलं. त्यांना माणसं फारशी लागत नसत, मलाही नाही. दोघं मिळून गप्प बसायचो. अशाच एका संध्याकाळी मी विचारलं, की इतक्या हॉकी कशाला जमवल्या?

‘‘मी जमवल्या नाहीत, सर. मी एकच शोधतोय. बाकीच्या वाटेत भेटल्या.’’

मग त्यांनी अन्वरभाईंची गोष्ट सांगितली. अन्वरभाई त्यांचे थोरले भाऊ, छावणीच्या मैदानावर खेळणारे. एका पावसाळ्यात तापानं गेले. चाळिसाव्या दिवसाच्या आत गेलेल्याच्या वस्तू गोरगरिबांना वाटायची त्यांच्या घरची रीत. आईनं कपडे दिले, बूट दिले, आणि दारात आलेल्या कुणाला तरी हॉकीही दिली. मामू तेव्हा शाळेत गेले होते. घरी आले तर खुंटी रिकामी. अन्वरभाईंनी तापल्या सळईनं आपल्या नावाचं पहिलं अक्षर मुठीच्या लाकडावर कोरलं होतं आणि वरून कापडी पट्टी गुंडाळली होती. खूण होती ती एवढीच.

‘‘सुरुवातीला मी मिळेल त्या हॉकीची पट्टी सोडून बघायचो,’’ मामू म्हणाले. ‘‘जुनं कापड. हातात पीठ व्हायचं. एक दिवस खाली बघितलं तर सगळा भुगा. माझा भाऊ शोधायच्या नादात मी दुसऱ्यांचे भाऊ पुसत होतो. त्या दिवसापासून पट्टीला हात लावला नाय.’’

मग ओळखणार कशी? ‘‘वासावरून. अन्वरभाईंच्या हाताला एक वास होता. मैदानातून आले की माझ्या डोक्यावर ठेवायचे.’’

गेल्या वर्षी सोयगावकडचा एक शेतकरी गोणपाटात गुंडाळलेली हॉकी घेऊन आला. त्याचा बाप, सांडूबा, तरुणपणी छावणीच्या बाजारात हमाली करायचा.

‘‘मह्या बापाला हितल्याच एका बाईनं देल्ती,’’ तो म्हणाला. ‘‘तिचं पोरगं गेलं व्हतं म्हणं. बाप लई जपायचा, उशाला घेऊन निजायचा. आता पोरं हिच्यानं कुत्रे हाणत्यात. म्हणलं, नगं.’’

मामूंनी हॉकी घेतली. डोळे मिटले. त्या दिवशी ते इतका वेळ थांबले की त्या माणसानं माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे.

‘‘धूर आहे,’’ शेवटी मामू म्हणाले. ‘‘कडबा आहे. सांडूबा आहे.’’

तो माणूस चहा पिऊन गेला. मी म्हणालो, ‘‘मामू, पट्टी सोडा. एकदाच.’’ त्यांनी पट्टीचं टोक चिमटीत धरलं. कापडाची थोडी भुकटी बोटांवर आली आणि हात थांबला.

‘‘अन्वरभाई निघाले तर सांडूबा जाईल. नाही निघाले तर दोघंही जातील.’’ मग हॉकी भिंतीला टेकवत म्हणाले, ‘‘आपली असती तर ओळखायला पाहिजे होती, सर. नाय ओळखली. हॉकी हरवली होती तोवर ठीक होतं. वासच हरवलाय माझ्याकडून, हे आज कळलं.’’

त्यानंतर त्यांनी नवी वस्तू घेतली नाही. हुंगणंही थांबलं. हिवाळ्यात ते गेले.

त्यांची मुलगी रुखसाना चितेगावला असते. आठवड्याभरानं तिनं बोलावलं तेव्हा मागच्या खोल्या निम्म्या रिकाम्या होत्या. गल्लीतली पोरं फुटबॉल घेऊन चालली होती. मी तिला मामूंचा नियम सांगू लागलो, की वर्षभर काही हलवायचं नसतं.

‘‘अब्बांनीच सांगितलं, सर. चाळिसाव्याच्या आत सगळं वाट म्हणाले. दादीनं बरोबर केलं होतं म्हणाले.’’ मग तिनं कोपऱ्यातून ती हॉकी आणली. ‘‘ही तेवढी तुम्हाला. पट्टी सोडायची तर सोडू दे सरांना, म्हणाले. ते स्वतः तर रोज सकाळी तिला सलाम करायचे. आधी अन्वरभाईंचं नाव घेऊन, मग सांडूबाचं. मी राहायला आले की बघून हसायचे. ते म्हणायचे, दोघांपैकी कुणीतरी घरात असंलच ना.’’

हॉकी आता माझ्या पुस्तकांच्या कपाटाला टेकून उभी असते. मामूंनी चिमटीत धरलेलं पट्टीचं ते टोक आपोआप सुटत चाललं आहे. रोज थोडं अधिक. सकाळी ते मी अंगठ्यानं दाबून बसवतो. दाबताना कापडाखाली लाकडात एक खोलगट जागा लागते. ते अक्षर असेल, किंवा कुणाचा तरी अंगठा जन्मभर तिथंच टेकत आला असेल. मी हात काढून घेतो.