अडीनडीचे पैसे कुठं ठेवायचे

शिवणकामातून चार पैसे सुटायला लागले, तेव्हा आमच्या घरात वाद झाला तो ते ठेवायचे कुठं यावर. कमवायचे कसे यावर कुणी कधी तोंड उघडलं नव्हतं. ठेवायचे म्हटल्यावर मात्र प्रत्येकाला मत होतं.

नवरा म्हणायचा, साकोलीच्या बँकेत टाकू. पण मी त्याला ओळखून होते. कुणी पडलेलं तोंड घेऊन ओसरीवर येऊन बसलं की याचा हात खिशाकडे गेलाच म्हणून समजा. ‘नाही’ हा शब्द त्याला लहानपणी कुणी शिकवलाच नसावा. बँकेत टाकले असते तर ते गावाचेच झाले असते, आमचे नाही.

सासूबाईंचं म्हणणं सरळ होतं. घरातच ठेव, तांदळाच्या डब्यात. हाताच्या अंतरावर नसलेल्या कुठल्याच जागेवर त्यांचा भरवसा नव्हता. मी म्हटलं, तिथं उंदीर व्याज खातील. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “कोणाले काही झालं, तं त्याच टायमाले हातात पायजे वं. मंग आले, तं कायले पायजेत?”

मी दोघांचंही ऐकलं नाही. बचत गटात ठेवले. गटातल्या सगळ्या बायका माझ्याच आळीतल्या. त्यांच्या ब्लाउजची मापं मला तोंडपाठ होती, स्वभावही. एकीनंही कधी गटाचा पैसा बुडवला नव्हता. आणि नवरा तिथं मागायला गेला असता तर बायकांनी त्याला बोलून बोलून परत पाठवलं असतं. याहून पक्की तिजोरी मला तरी कुठं दिसत नव्हती.

गटाची रीत अशी की पैसा पडून राहू द्यायचा नाही, फिरवायचा. रोवणा आला, म्हणजे धानाची लावणी सुरू झाली, की प्रत्येकीला रोकड लागते. चिखलणीचा ट्रॅक्टर, खत, पऱ्हे म्हणजे धानाची रोपं लावणाऱ्या बायांची मजुरी, यातलं काहीही उधारीवर होत नाही. म्हणून आषाढात गटाची पेटी रिकामी व्हायची आणि दिवाळीनंतर धान विकला की व्याजासकट भरायची. मीही दरवर्षी मान डोलवायचे, आमच्या दोन बांध्यांसाठी, म्हणजे धानाच्या दोन तुकड्यांसाठी, त्यातूनच उचलायचे. हिवाळ्यात कुणाचं बाळंतपण अडलं, उन्हाळ्यात कुणाच्या पोराचं अपेंडिक्स निघालं, तेव्हा गटानं उभ्या उभ्या पैसे काढून दिले होते. त्यामुळे आमची व्यवस्था भक्कम आहे असं सगळ्यांनाच वाटायचं. रोवण्याच्या दिवसांत मात्र कुणी आजारी पडायचं नाही, हे आम्ही कधी बोललो नाही. बहुतेक मनातल्या मनात धरून चाललो होतो.

सासूबाई पडल्या त्या ऐन रोवण्यात. बांधीवर आमच्यासाठी जेवण घेऊन येत होत्या, धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पाय सरकला. खुब्याचं हाड मोडलं. भंडाऱ्याच्या खासगी दवाखान्यातल्या डॉक्टरनं फोटो पाहून सांगितलं, ऑपरेशन लवकर करा म्हणजे म्हातारी चालेल, उशीर झाला तर खाटेवरच राहील. मग भरायची रक्कम सांगितली. गटात ठेवलेल्या माझ्या पैशांत ते जवळजवळ भागत होतं. मी नवऱ्याला म्हटलं, घाबरू नको, आहेत आपल्याकडे. आषाढात गटाची पेटी रिकामी असते, हे त्या घटकेला माझ्या ध्यानातच आलं नाही.

गावात आले तर गटातल्या सगळ्या बायका चिखलाच्या पायांनी माझ्या अंगणात जमल्या. अध्यक्ष असलेली बाई लुगड्याच्या पदरानं हात पुसत राहिली. म्हणाली, “पैसा कोणापाशीच नाही वं माय. सारा बांधीत गेला.” मला माहीत होतं. माझाही गेला होता. त्यांनी त्या दिवशीची मजुरी काढून माझ्या हातात ठेवली. दवाखान्याची गाडी आणि औषधं त्यात झाली. नवरा धान घेणाऱ्या व्यापाऱ्याकडे गेला, त्याचेही खतात अडकले होते. ज्यांना ज्यांना यानं आजवर दिलं होतं त्यांच्या दारात गेला. कुणी तोंड लपवलं नाही, पाणी दिलं, बसवलं. त्या दिवसांत आमच्या भागात कुणाच्या खिशात पैसा नसतोच. माझ्या अंगावरचे डागदागिने नणंदेच्या लग्नातच मोडले होते.

मग नागपूरचा सरकारी दवाखाना. तिथं कुणी वाईट वागलं असं नाही. रांग होती, इतकंच. नंबर लागेपर्यंत सासूबाईंच्या छातीत कफ भरला, साखर वाढली, आणि भूल सोसणार नाही म्हणून डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. परतीच्या गाडीत दोन्ही बाजूंना हिरवेगार रोवणे दिसत होते. मला त्या हिरव्या रंगाचा इतका राग आला की मी डोळे मिटून घेतले.

दिवाळीनंतर धान विकला गेला तशा बायका एकेक करून आल्या. स्वतःच्या घरात काही आणण्याआधी आल्या. सासूबाईंच्या खाटेसमोर माझ्या हातात पैसे ठेवून गेल्या, व्याजासकट. माझी जीभ काही कमी तिखट नाही, आणि तेव्हा मला कुणाशी तरी कडाकडा भांडायचं होतं. भांडायला माणूस सापडेना. सासूबाई प्रत्येकीला चहा द्यायला लावत होत्या.

शेवटची गेल्यावर त्यांनी विचारलं, “सारे आले?”

मी म्हटलं, आले.

“मंग आता कुठी ठेवशील?”

टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. नोटा अजून माझ्या मुठीतच होत्या. त्यांना कूस बदलायची होती. त्याला माझे दोन्ही हात लागतात. म्हणून पैसे खाली जमिनीवर ठेवले आणि त्यांना उचललं.