पत्रकांच्या खोक्यांमागचं पीठ

सापळ्यात सात किडे होते. मागच्या तपासणीत एकही नव्हता.

मी सिडनीतल्या एका युनिव्हर्सिटी म्युझियममध्ये कलेक्शन असिस्टंट आहे. म्हणजे वस्तू मोजायच्या, पुसायच्या, राखायच्या. सापळा म्हणजे कोपऱ्यात ठेवलेली गोंद लावलेली पुठ्ठ्याची पट्टी. ती किडे संपवायला नसते. कोण आलंय आणि कुठून, हे कळायला असते.

त्या सापळ्याच्या वरच्याच ड्रॉवरमध्ये पाव होता. इजिप्तच्या एका थडग्यातला, तीन हजार वर्षांहून जुना. पाव कसला, जाड भाकरीच; वाळून दगड झालेली. पिरॅमिड बघायला जग लोटतं. ते बांधणाऱ्यांची मजुरी भाकरी आणि बिअरमध्ये चुकती व्हायची, हे कुणी विचारतही नाही. पिठात इतकी वाळू असायची की तरण्या माणसांचे दात झिजायचे. ही भाकरी मेलेल्यासाठी ठेवलेली, पण थापणारी जिवंत होती. तिच्या चार बोटांचे ठसे अजून दिसतात. राजाचं नाव शाळेतल्या पोरांना पाठ. हिचं कुठेच नाही. म्हणून तो ड्रॉवर मी माझाच मानायचे.

लॉकडाऊन लागला आणि मॅनेजमेंटने दर आठवड्याची तपासणी महिन्यावर नेली. म्हणे, हे काम इसेन्शियल नाही. मी तेव्हाच बोंबलले होते. आता हातात पुरावा होता. उभ्या उभ्या फोनवरच ईमेल लिहिला. कॉलेजात असल्यापासून आंदोलनांची पत्रकं लिहिलीत मी, धार कशी लावायची ते कळतं. ‘हा निष्काळजीपणा आहे आणि याची जबाबदारी कुणीतरी घेतलीच पाहिजे.’ डायरेक्टरपासून सगळ्यांना सीसी. सेंड.

तासाभरात हेलन आली, कॅसल हिलहून गाडी मारत. ती आमची कॉन्झर्वेटर, म्हणजे वस्तूंची डॉक्टर, आणि माझी बॉस. तिने मास्क वर ओढला आणि एक किडा मायक्रोस्कोपखाली धरला.

“बिस्किट बीटल,” ती म्हणाली.

घरी पिठाच्या डब्यात निघतात, त्यातलाच एक. याच जातीचे किडे इजिप्तच्या थडग्यांतही सापडलेत. त्याला काल दळलेलं आणि तीन हजार वर्षांपूर्वीचं सारखंच.

“पण एका भाकरीवर एवढे पोसले जात नाहीत, मेट. यांचं गोदाम दुसरीकडे आहे. बाकीचे सापळे मोज.”

मी मोजत निघाले. कॉरिडॉरमध्ये अकरा. लोडिंग डॉकच्या दाराशी एकोणीस. त्या दाराला लागून एक रिकामी खोली होती. तिच्या उंबऱ्याशी येऊन मी थांबले.

त्या खोलीत माझी पत्रकं होती. ‘पत्रकांची चार खोकी ठेवते’ अशी मी रीतसर परवानगी काढली होती. खोक्यांमागे मात्र पेंडल हिलच्या देशी दुकानातून आणलेली आट्याची पोती होती. इंटरनॅशनल स्टुडंट्सच्या नोकऱ्या गेल्या होत्या आणि सरकारी मदतीच्या यादीत ते नव्हते. माझा मित्र सिद्धार्थ आणि मी त्यांना पीठ-डाळ पोचवत होतो. पिठाला कुणी परवानगी दिली नसती, म्हणून मी विचारलंच नव्हतं.

सिद्धार्थला फोन लावला.

“अगं, घाबरतेस कशाला? आर्वोला, म्हणजे दुपारीच, व्हॅन आणतो. पोती उचलू, झाडू मारू. कोणाला कळतंय?”

“हेलन सगळं म्युझियम धुंडाळेल, मूर्खा. तोवर किडे भाकरी खातील.”

“आणि तू बोललीस तर? तुझं कॉन्ट्रॅक्ट आहे फक्त. उद्यापासून तुझंच नाव पीठ-डाळीच्या हॅम्परच्या यादीत घालू का?”

मी फोन ठेवला. मग हेलनकडे गेले आणि सगळं सांगितलं. पोती किती, कधीपासून, किती फाटलेली.

“तुझ्या ईमेलला उत्तर लिहायला घेतलं होतं मी,” हेलन म्हणाली. “तुझ्या बाजूने. आता काय लिहू?”

तिने मायक्रोस्कोप बंद केला.

“पोती आजच बाहेर. पाव फ्रीझरमध्ये.”

किडे मारायला आम्ही औषध फवारत नाही, गोठवतो. भाकरी टिश्यूत गुंडाळून पॉलिथिनमध्ये सीलबंद केली आणि आठवडाभर उणे तीस डिग्रीत ठेवली. तो आठवडा मी नीट जेवले नाही. रोज तीच शंका: आतून पोखरली असेल तर हातात नुसता भुगा येईल.

आला नाही. भाकरी अख्खी होती. पण भोकं तपासायची होती. जुन्या भोकाची कड काळपट असते, ताज्याची फिकी, आणि खाली बारीक पीठ पडलेलं असतं. फिक्या कडेचं एक भोक सापडलं. थापणारीच्या तर्जनीच्या ठशाच्या बरोबर मध्ये.

नोकरी राहिली, एक लेखी वॉर्निंग मिळाली. तपासणी पुन्हा दर आठवड्याला सुरू झाली. आमची न फाटलेली पोती सिद्धार्थने चर्चच्या हॉलमध्ये हलवली, यावेळी विचारून. स्टुडंट्सना पीठ एक दिवस उशिरा मिळालं.

वस्तूला इजा झाली की कंडिशन रिपोर्ट भरतात. त्यात एक रकाना कारणाचा असतो. मी पेन हेलनपुढे धरलं.

“नाही,” ती म्हणाली. “जबाबदारी कुणीतरी घेतलीच पाहिजे. तूच लिहिलंयस.”

मी लिहिलं: ‘कलेक्शन असिस्टंटने न सांगता ठेवलेलं पीठ.’ खाली पूर्ण नाव. पीठ वाटल्याचा पश्चात्ताप मला आजही नाही. पण त्या भाकरीच्या फाइलमध्ये आता नाव आहे ते थापणारीचं नाही, माझं आहे.